बाकावर बसलेला बाप

सहा वर्षांची ब्लुई सायकल शिकताना पडते, वैतागते आणि सायकल तिथेच टाकून बागेतल्या बाकावर वडिलांशेजारी येऊन बसते. हे आपल्याला कधीच जमणार नाही, असं तिनं ठरवून टाकलेलं असतं. वडील तिला उपदेश करत नाहीत, उचलून परत सायकलीवर बसवतही नाहीत. दोघं समोर बघत राहतात. धाकट्या बिंगोचं तोंड पाणी प्यायच्या नळापर्यंत पोचत नाहीये. बेंटली नावाच्या मैत्रिणीचे हात लोंबकळायच्या दांड्यांना पुरत नाहीयेत. चुलत बहीण मफिनला पाठीवर दप्तर चढवता येत नाहीये. ब्लुईला राहवत नाही, पण बाबा जागचे हलत नाहीत. मागे बेटहोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली ती जगप्रसिद्ध धून चढत जाते आणि ती टिपेला पोचते तोवर तिघींनी आपापली युक्ती शोधलेली असते. मग ब्लुई उठते आणि सायकलीकडे जाते.

ही सगळी कुत्र्याची पिल्लं आहेत, हे सांगायचं राहिलं. ‘ब्लुई’ ही ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेन शहरातल्या लुडो स्टुडिओत तयार होणारी कार्टून मालिका. जो ब्रम यांनी ती निर्माण केली आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजी एबीसी किड्स वाहिनीवर ती सुरू झाली. बहुतेक भाग सात-सात मिनिटांचे. २०२४ या वर्षात अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका हीच होती. तिथल्या प्रेक्षकांनी वर्षभरात तिच्यासाठी ५५ अब्जांहून अधिक मिनिटं दिली. हीलर कुटुंब चौघांचं. बाबा बँडिट पुरातत्त्वज्ञ, आई चिली विमानतळावर सुरक्षेच्या कामावर, आणि ब्लुई व बिंगो या दोन मुली. ब्रम यांना स्वतःलाही दोन मुली आहेत आणि मालिकेतले बरेचसे खेळ त्यांच्या घरातूनच आले आहेत.

कार्टूनमधल्या आईबापांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. फ्रेड फ्लिंटस्टोनपासून होमर सिम्पसनपर्यंत बाप म्हणजे स्वतःचं हसं करून घेणारा माणूस. आपल्याकडची मुलं ज्या ‘डोरेमॉन’वर वाढली, त्यात नोबिताची आई बहुतेक वेळा शून्य मार्कांच्या पेपरावरून ओरडतानाच दिसते. ब्रम यांनी लंडनमध्ये ज्या ‘चार्ली अँड लोला’वर काम केलं, त्यात तर आईवडील पडद्यावर येतच नाहीत. या पार्श्वभूमीवर बँडिट आणि चिली वेगळे उठून दिसतात. ते थकतात, चिडतात, टाळाटाळही करतात. तरी आपण करतो त्याचा समोरच्यावर काय परिणाम होतोय, हे ते बघत असतात. ज्यांच्या हाताखाली चार-दोन माणसं काम करतात त्यांनी ही मालिका नीट पाहावी असं मला मनापासून वाटतं, ते याच कारणासाठी.

लहान मुलांच्या खेळातून कार्यालयातलं नेतृत्व कसं शिकणार, असा प्रश्न कुणाला पडेल. पण नेतृत्वाचा प्रायोगिक अभ्यास मुळात मुलांच्याच खेळातून सुरू झाला. कुर्ट लेविन हे बर्लिनमधले ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर ते जर्मनी सोडून अमेरिकेत गेले आणि पुढे आयोवा विद्यापीठात काम करू लागले. एक अख्खा सुशिक्षित देश हुकूमशहाच्या मागे कसा गेला, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याचाच होता. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलग्यांची छोटी मंडळं तयार केली. शाळा सुटल्यावर मुलं जमायची, मुखवटे आणि तत्सम वस्तू बनवायची. प्रत्येक मंडळाला एक मोठा माणूस नेता म्हणून दिलेला असे आणि हे नेते ठरवून वेगवेगळ्या पद्धतीनं वागत. एक प्रकारचा नेता काय करायचं ते पायरीपायरीनं फर्मावायचा. पुढची पायरी कोणती, हे मुलांना आधी कळायचंच नाही. दुसऱ्या प्रकारचा मुलांशी बोलून कामाची आखणी ठरवायचा आणि स्वतःही त्यांच्यात बसायचा. तिसरा मुलांना पूर्ण मोकळं सोडायचा. विचारलं तर सांगायचा, एरवी नाही. १९३९ साली या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. संशोधकांनी मध्येच नेत्याला खोलीबाहेर बोलावून घेतलं. हुकूम सोडणाऱ्या नेत्याची पाठ वळली की त्याच्या मंडळातलं काम ढेपाळायचं. चर्चा करून ठरवणाऱ्या नेत्याच्या मंडळात तो बाहेर गेल्यावरही काम बऱ्यापैकी तसंच चालू राहायचं. फर्मानं सोडणाऱ्याच्या हाताखालची काही मुलं गप्प आणि मिंधी झाली, तर काही आपसांत भांडू लागली आणि एखाद्या दुबळ्या मुलाला लक्ष्य करू लागली. पूर्ण मोकळ्या सोडलेल्या मंडळांत तर धड कामही झालं नाही आणि मुलं खूशही नव्हती. मुलं थोडी होती, काळ आणि देश वेगळा होता, त्यामुळे हा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण नेता खोलीबाहेर गेल्यावर काय होतं, ही त्यांनी लावलेली कसोटी आजही कुठल्याही कार्यालयात लावून बघता येते. मॅनेजर दोन आठवडे रजेवर गेल्यावर फोन वाजत राहतो का, फायली अडतात का, निर्णय ‘साहेब आल्यावर’ या एका वाक्यावर थांबतात का?

बाकावर बसलेला बँडिट तिसऱ्या प्रकारात मोडतो, असं वरवर वाटेल. तसं नाही. तो तिथून हललेला नाही, त्याची नजर मुलांवर आहे, आणि कुणी खरंच पडलं असतं तर तो दोन ढांगांत पोचला असता. मोकळं सोडणं आणि वाट बघणं यांत हाच फरक आहे. वाट बघणाऱ्याला कामाची नेमकी माहिती असावी लागते, समोरच्याची कुवत माहीत असावी लागते आणि धोका कुठून सुरू होतो तेही कळावं लागतं. ज्याला यातलं काहीच माहीत नाही, तो जेव्हा ‘मी टीमला पूर्ण स्वातंत्र्य देतो’ म्हणतो, तेव्हा टीमला मिळालेली असते ती फक्त एकटेपणाची जबाबदारी.

१९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या तिघांनी या वाट बघण्याचा बारकाईनं अभ्यास केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकवीस लाकडी ठोकळे जोडून पिरॅमिड करायचा होता आणि शेजारी एक शिकवणारी बसलेली होती. मूल अडलं की तिनं थोडं अधिक सांगायचं आणि जमू लागलं की मागे सरायचं. इमारतीला बांधतात त्या परांचीवरून त्यांनी या मदतीला नाव दिलं. भिंत उभी राहिली की परांची उतरवायची असते. आपल्या कार्यालयांत अडचण होते ती इथेच. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात जितकं विचारावं लागतं, तितकंच तिसऱ्या वर्षीही विचारावं लागतं, कारण दरम्यान मागे सरायचं कुणाला सुचलेलंच नसतं.

मागे सरणं अवघड का जातं, हे चिलीच्या एका भागात फार नेमकं आलंय. बँडिटचा वाढदिवस आहे, त्याला भूक लागलीय आणि आमलेट मीच करणार, असा बिंगोचा हट्ट आहे. अंडी फुटतात, सांडतात, वेळ जातो. शेवटी चिली काम आपल्या हातात घेते. आता आमलेट होणार, वेळेत होणार आणि चांगलं होणार, पण बिंगोचा चेहरा उतरलेला असतो. चिलीला ते दिसतं आणि ती काम परत बिंगोच्या हाती देते. ‘दे इकडे, मीच करून टाकतो’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक कामाच्या जागी दिवसातून कितीदा उच्चारलं जातं! अहवालातला मजकूर वरिष्ठ रात्री बसून स्वतःच पुन्हा लिहितात आणि सकाळी तो कनिष्ठाच्या नावानं पुढे पाठवतात. त्यात वाईट हेतू नसतो, बहुतेक वेळा डेडलाइन खरोखरच डोक्यावर असते. मात्र कनिष्ठाला आपलं काय चुकलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो तितकी मेहनतही घेत नाही, कारण शेवटी साहेब बदलणारच, हे त्याला ठाऊक झालेलं असतं. प्रत्येक आमलेट मुलांच्या हाती देता येत नाही, हे खरं. ग्राहक दारात उभा असेल, रुग्ण टेबलावर असेल, तेव्हा अनुभवी हातांनीच काम करावं. पण उपाशी बापाला अर्धा तास थांबवता येतं, आणि अशा थांबवता येण्याजोग्या कामांची संख्या आपण समजतो त्याहून बरीच जास्त असते.

बँडिटचं सगळंच बरोबर असतं, असं नाही. ‘योगा बॉल’ नावाच्या भागात तो घरून काम करतोय आणि मधूनमधून मुलींशी दंगामस्ती करतोय. बिंगोला तो खेळ झेपत नाही, लागतं, पण ती बोलत नाही. आईकडे जाऊन रडते. इथे चिली जे करते, ते मला या मालिकेतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. ती नवऱ्याला जाऊन झापत नाही. ती बिंगोला तिचा स्वतःचा मोठा आवाज काढायला शिकवते, म्हणजे कुत्र्याच्या भाषेत ठणठणीत भुंकायला. पुढच्या वेळी बिंगो भुंकते आणि बँडिट तिथल्या तिथे थांबतो. तो ‘एवढंसं तर होतं’ म्हणत नाही, हसण्यावारी नेत नाही.

आकारानं मोठ्या माणसाला आपलं वजन कळत नाही. बॉसनं सहज केलेली थट्टा, रात्री अकराला टाकलेला ‘उद्या सकाळी बघू’ असा मेसेज, मिटिंगमध्ये एखाद्याचं वाक्य तोडणं, यातलं त्याला स्वतःला काहीच जड वाटत नाही. ते जड होतं हे खालच्यानं सांगितल्याशिवाय कळायचा मार्ग नाही, आणि खालचा सांगत नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी या न बोलण्याचा अभ्यास केला. रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत असताना त्यांना एक उलटंच दृश्य दिसलं होतं. ज्या वॉर्डांमधलं एकत्र काम चांगलं, तिथे चुकांची नोंद जास्त. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त होत होत्या, असा याचा अर्थ नव्हता. तिथल्या परिचारिकांना झालेली चूक सांगायची भीती वाटत नव्हती. १९९९ साली त्यांनी कारखान्यातल्या गटांवरचा आपला अभ्यास मांडला आणि या निर्भयतेला मानसिक सुरक्षितता म्हटलं. आज मनुष्यबळ विभागाच्या प्रत्येक सादरीकरणात हा शब्द असतो. पण सादरीकरणानं ती येत नाही. पहिल्यांदा कुणी तरी भुंकतं, तेव्हा समोरचा मोठा माणूस थांबतो की नाही, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्या एका क्षणी जे घडतं, त्यावरून बाकीचे पुढची अनेक वर्षं गप्प राहायचं की बोलायचं ते ठरवतात.

आता एक तक्रार, मालिकेबद्दल नव्हे, तिच्या कौतुकाबद्दल. बँडिटवर भरभरून लिहिलं जातं, आदर्श बाप म्हणून त्याचे दाखले दिले जातात. चिलीच्या वाट्याला त्यामानानं कमी येतं. ‘द पूल’ हा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांनी ही चूक करू नये. बँडिट मुलींना घेऊन काकांच्या घरच्या पोहण्याच्या तलावावर जातो. चिली निघताना वस्तूंची आठवण करून देऊ लागते आणि बापलेकींना ती कटकट वाटते. तिथे पोचल्यावर कळतं की टोप्या नाहीत, सनस्क्रीन नाही, खेळायचं काही नाही, तापलेल्या फरशीवर पाय ठेववत नाही. सगळी मजा सावलीच्या एका कोपऱ्यात अडकून पडते. मग चिली येते, हातात भरलेली पिशवी घेऊन, आणि खेळ सुरू होतो.

प्रत्येक गाजलेल्या, हसतमुख, ‘टीमचा लाडका’ असलेल्या नेत्याच्या मागे अशी एखादी पिशवी घेऊन येणारी व्यक्ती असते. मिटिंगची टिपणं काढणारी, नव्या माणसाला लॉगिन आणि जेवायची जागा दाखवणारी, कुणाचा वाढदिवस विसरला जाऊ नये म्हणून वर्गणी गोळा करणारी. लिंडा बॅबकॉक, लीसे वेस्टरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की ज्यातून बढती मिळत नाही अशा कामांसाठी मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे येतात आणि अशी कामं सांगितलीही त्यांनाच जास्त जातात. स्वभावानं सेवाभावी म्हणून त्या पुढे येतात असंही नाही. फक्त स्त्रियांच्या आणि फक्त पुरुषांच्या गटांत हा फरक उरत नाही. पुरुष असले की सगळ्यांचीच अपेक्षा असते की बायकांपैकी कुणी तरी हे करेल, आणि त्या अपेक्षेनंच ते घडतं. कामाचं वाटप करणाऱ्यानं या पिशवीचं वजन मोजलं पाहिजे, आणि अप्रेजलच्या कागदावर त्याला जागा दिली पाहिजे. पाळीपाळीनं ही कामं वाटून द्यायला फारसं काही लागत नाही, भिंतीवर एक तक्ता पुरतो.

दुसऱ्या एका भागात चिली सगळ्यांना सरळ सांगते की पुढची वीस मिनिटं माझ्याजवळ कुणी येऊ नका. आपण आईला त्रास देतो की काय, अशी धास्ती ब्लुईला लागते आणि मग तिला समजतं की थकवा हा तिच्यावरचा राग नव्हे. कामाच्या जागी हा खुलासा क्वचितच होतो. वरिष्ठाचा मूड गेला की दहा माणसं दिवसभर आपण काय चुकलो याचा अंदाज बांधत राहतात. तासभर मला कुणी भेटू नका, याचा तुमच्याशी संबंध नाही, एवढं मोकळेपणानं सांगितलं तर दहा जणांचा दिवस वाचतो.

एवढं सगळं म्हटल्यावर एक धोका स्पष्ट सांगणं भाग आहे. बॉस हा बाप नव्हे. आपल्याकडे मायबाप म्हणायची सवय फार जुनी आहे, सरकारला, मालकाला, साहेबाला. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असं जिथे वारंवार सांगितलं जातं, तिथे जादा तासांचे पैसे मागणारा माणूस एकदम कृतघ्न ठरतो आणि राजीनामा देणारा घर फोडणारा. कर्मचारी प्रौढ असतो. त्याचं घर, त्याची मुलं, त्याचं आयुष्य दुसरीकडे असतं आणि कार्यालयाशी त्याचं नातं पगाराचं, कराराचं आणि परस्पर आदराचं असतं. बँडिटकडून घ्यायचं ते त्याचं बघणं, थांबणं, ऐकणं. त्याचं पालकत्व घ्यायचं नाही.

आणि पालक म्हणूनही तो कुठे चुकतो, ते मालिकेनंच दाखवलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘द साइन’ हा अठ्ठावीस मिनिटांचा मोठा भाग आला. बँडिटला दुसऱ्या शहरात जास्त पगाराची नोकरी मिळाली आहे, घरापुढे विक्रीची पाटी लागली आहे. मुलींना चांगलं आयुष्य मिळावं म्हणूनच तो हे करतोय, यात शंका नाही. ब्लुईला जायचं नाही. चिलीचंही मन नाही, पण ती साथ देते. त्याच दिवशी त्या घरी बँडिटच्या भावाचं, रॅडचं लग्न आहे आणि नवरी, फ्रिस्की, ऐन वेळी निघून जाते. कारण लग्नानंतर ती आपल्या कामाच्या गावी येणारच, असं रॅडनं धरून चाललं होतं. तिला विचारलंच नव्हतं. दोन भाऊ, दोघंही प्रेमळ, आणि दोघांचीही चूक तीच. दुसऱ्याच्या भल्याचा निर्णय त्यांनी त्याला न विचारता घेतला. शेवटी घर घेणाऱ्यांचा विचार बदलतो आणि बँडिट स्वतःच्या हातांनी ती पाटी उपटून काढतो.

हा भाग पाहताना मला आपल्याकडच्या बदल्या आठवतात. बँकेतले कर्मचारी, शिक्षक, महसूल खात्यातली माणसं, यांच्या घरात बदलीचा आदेश म्हणजे काय असतं हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर मुलांचे प्रवेश, म्हाताऱ्या आईची औषधं, नवराबायकोच्या नोकऱ्यांची दोन टोकं. बदली रद्द करणं वरिष्ठाच्या हाती नेहमी नसतं. नियम असतात, रिकाम्या जागा असतात, दुर्गम तालुक्यालाही शिक्षक हवाच असतो. पण आदेशावर सही होण्याआधी त्या माणसाला समोर बसवून, तुला जमेल का, कधी जमेल, काय आडवं येतंय, हे विचारायला नियमाची आडकाठी नसते. पंधरा मिनिटं लागतात. कधी त्यातून तारीख दोन महिने पुढे जाते, कधी दुसरं कुणी तरी स्वतःहून तयार होतं, आणि कधी काहीच बदलत नाही, तरी तो माणूस नव्या गावी जातो ते आपल्याला कुणी विचारलं होतं हे मनात ठेवून.